कपात न बसणारा तुकडा

लहानपणी आमच्याकडे थंडीत तुपाची बरणी थिजली की मधोमध एक खळगा पडायचा. आई बरणी काठोकाठ भरायची, आणि सकाळी बघावं तर कुणीतरी बोट घालून चाटल्यासारखं दिसायचं. संशय माझ्यावरच, कारण घरात तशी बोटं घालणारी मीच होते. एका सुट्टीच्या दिवशी मी हट्टाने बरणीपुढे ठाण मांडून बसले आणि तूप कडेने थिजत थिजत मध्ये आपणहून खचताना डोळ्यांनी पाहिलं. आईला हाका मारून बोलावलं. ती बघून म्हणाली, बरं, आजचं तू नाही खाल्लंस.

पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान घेतलं तेव्हा कळलं की बहुतेक सगळेच पदार्थ थिजताना आकसतात; पाण्याचा बर्फ मात्र उलटा वागतो आणि फुगतो. पुस्तकात धातूच्या घनतेचा एक आलेख होता. धातू तापत जाईल तशी रेघ हळूहळू उतरते, आणि वितळायच्या क्षणी एकदम पायरीवरून उडी मारल्यासारखी खाली येते. त्या उडीने माझ्या डोक्यात घर केलं. वितळलेला धातू म्हणजे लालबुंद आग. त्याची घनता मोजतात तरी कशी? त्यात कुणी मोजपट्टी बुडवतं का? सरांना विचारलं, तर ते म्हणाले की हे परीक्षेला येत नाही. मला असल्या उत्तरांचा राग येतो. तेव्हाही आला होता आणि तो बरीच वर्षं टिकला.

म्हणूनच सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात साहेबांनी जेव्हा मला हीच मोजणी करायला सांगितली, तेव्हा मला मनातून गुदगुल्या झाल्या होत्या. या गोष्टीला फार वर्षं झालेली नाहीत. मी नाशिकला इंदिरानगरात राहायचे, सकाळी द्वारका चौकात कंपनीची बस पकडायचे आणि दिवसभर तपासणी विभागाच्या खोलीत असायचे. खोली कसली, एक टेबल, एक वजनकाटा, कडकपणा मोजायचं एक मशीन आणि गळका नळ. कारखाना ॲल्युमिनियमचे भाग ओतायचा. त्यातला एक पंपाचा सांगाडा गिऱ्हाइकाकडून परत येऊ लागला होता. वरून ठीक, पण कापून पाहिला की जाड भागात आत पोकळी. पाणी त्यातूनच झिरपायचं.

अशी पोकळी का पडते हे फाउंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, प्रत्येकाला ठाऊक असतं. रस, म्हणजे वितळलेला धातू, थिजताना आकसतो, मग रिकामी झालेली जागा भरायला वरून रस लागतो. त्यासाठी साच्याच्या डोक्यावर एक जाडसा गोळा राखून ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. खालचा भाग आकसताना या गोळ्यातला रस ओढून घेतो. काम झालं की गोळा कापून पुन्हा भट्टीत टाकायचा. आता इतकी सोय असूनही पोकळी पडते म्हणजे, साहेबांच्या मते, रसच प्रमाणाबाहेर तापत असणार. जास्त तापलेला रस जास्त फुगलेला, म्हणून थंड होताना जास्त आकसणार. आणि रस तापवणारा माणूस एकच होता, आमचे भट्टीवरचे मामा.

मामा सिन्नरजवळच्या वस्तीवरून सायकलने यायचे. निवृत्तीला सहा-सात महिने राहिले होते. उंचीने बेताचे, भुवया कायम अर्ध्या जळालेल्या, बोलणं कमी. कारखाना सुरू झाला त्या वर्षापासून ते भट्टीवर होते आणि त्यांची भट्टी म्हणजे त्यांचा अभिमान होता. दुसऱ्या कुणी तिथे झाडू मारलेलाही त्यांना चालायचा नाही. साहेब मला म्हणाले होते की रस खरोखर किती आकसतो ते आकड्यात दाखवा, म्हणजे काय ते ठरवता येईल. काय ठरवायचं हे न सांगताही मला कळलं होतं. पण खरं सांगते, त्या वेळी मला मामांपेक्षा त्या पुस्तकातल्या पायरीचीच जास्त काळजी होती.

मी पद्धत शोधून काढली ती अगदी साधी. लेथवर पोलादाचा एक कप करून घेतला, साधारण चहाच्या मगाएवढा, तळाशी जरा निमुळता, काठ अगदी सपाट. त्यात काठोकाठ पाणी भरून, वर काच सरकवून, पाण्याचं वजन घेतलं. म्हणजे कपात किती मावतं ते कळलं. मग कप भट्टीच्या तोंडाशी तापवायचा, मामांनी पळीने रसावरची साय बाजूला सारून रस काठापर्यंत ओतायचा, मी पट्टीने वरचा फुगवटा सपाट करायचा. थिजल्यावर तुकडा ठोकून बाहेर काढायचा आणि वजन करायचं. तुकडा थिजून कितीही आकसला तरी वजन तेच राहतं. म्हणजे त्या वजनाला कपाच्या मापाने भागलं की रस असतानाची घनता आली. कप स्वतःही तापल्यावर थोडा फुगतो, तेवढा हिशेब मी धरला होता आणि तो धरल्याबद्दल स्वतःवर खूशही झाले होते. नंतर तोच तुकडा नायलॉनच्या दोऱ्याने पाण्यात लटकवून घन धातूची घनता काढायची. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर बुडबुडे चिकटून वजन फसवतं.

पहिल्या सोमवारी पहिला तुकडा बाहेर पडला आणि मी तो गरम असतानाच चिमट्यात धरून न्याहाळत बसले. मधोमध खळगा. काठ कपाच्या भिंतीपासून सुटलेला. आकडा काढला तर शंभर भाग रसाचे थंड होईपर्यंत जेमतेम नव्वद राहत होते. दहावा भाग गेला. कुठे गेला? कुठेच नाही, अणू दाटीवाटीने बसले एवढंच. पण कप तोंडोतोंड भरलेला आपण बघितलेला असतो, आणि नंतर त्यात एवढी जागा रिकामी दिसते, तेव्हा कुणीतरी काहीतरी काढून नेल्यासारखं वाटतंच. त्या दिवशी मी बसमध्ये शेजारच्या अकाउंट्सच्या मुलीला द्वारका येईपर्यंत घनता समजावून सांगितली. ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सीटवर बसली.

मंगळवारी आकडा जरा कमी आला. रसाची घनता उतरली होती, म्हणजे आकसणं वाढलं होतं. बुधवारी आणखी कमी. तुकड्याचं वजनच रोज तीन-चार ग्रॅमनी घटत होतं. पाण्यात लटकवून काढलेली घन धातूची घनता मात्र दर वेळी तीच, जागची हलत नव्हती. शनिवारपर्यंत तर फरक इतका झाला की मला रविवारची सुट्टी नकोशी झाली. सोमवारी गेले, तर आकडा पुन्हा पहिल्या सोमवारसारखा चांगला. आणि मंगळवारपासून पुन्हा घसरण.

आता या गोष्टीचा अर्थ काय? मी दोन आठवडे डोकं लावलं. दमट हवेने रसात वायू शिरतो का? धातूच्या विटांची नवी गाडी आली होती का? तापमापक तर रोज तेच तापमान दाखवत होता. मग तोच बिघडला असेल का? आणि मग, कुणाला दोष द्यायचा हे आधीच ठरलेलं असलं की मन जसं चालतं, तसं माझं चाललं. मला वाटलं, सोमवारी माणूस ताजा असतो, भट्टीकडे नीट लक्ष देतो; पुढे आठवडाभर ढिला पडत जातो आणि रस तापू देतो. मी तापमापक घेऊन येताना दिसले की मामा बर्नर कमी करत असतील, असंही माझ्या मनात आलं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

आणि यात गंमत अशी, की एक साधा हिशेब मी केलाच नाही. रसाची घनता तापमानाने इतकी उतरायची, तर तो नेहमीपेक्षा काही शे अंशांनी जास्त तापायला हवा. तसला रस लांबूनही झळाळताना दिसला असता, भट्टीचं मडकं टिकलं नसतं, मामा जवळ उभे राहू शकले नसते. माझ्याच पुस्तकात तो आलेख होता. इतकी वर्षं जिच्यामागे लागले होते ती पायरी अखेर सापडली होती, आणि त्या आनंदात बाजूची रेघ मी बघितलीच नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी साहेबांना आलेख दिला. खाली एक ओळ लिहिली: आठवड्याच्या उत्तरार्धात रस प्रमाणाबाहेर तापत असल्याची शक्यता दिसते. ‘शक्यता’ हा शब्द मी मुद्दाम टाकला होता, शास्त्रीय वाटावं म्हणून. साहेबांनी तो वाचला की नाही देव जाणे. पुढच्या सोमवारी मामा फेटलिंगला होते. फेटलिंग म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा कानशीने घासून साफ करायचं खातं. नवी माणसं घेतात ती तिथे. तिशी गाठलेला एक ऑपरेटर भट्टीवर आला. जाता-येता मला मामा दिसायचे, पत्र्याच्या शेडमध्ये पाटावर बसलेले, मांडीवर पंपाचा सांगाडा आणि हातात कानस. मी मान खाली घालून पुढे जायचे, कारण कामात असल्याचं दाखवणं सोपं असतं.

त्या सोमवारी आकडा चांगला आला. साहेब म्हणाले, बघितलंत? मी बघितलं. मंगळवारी आकडा घसरला. बुधवारी आणखी. भट्टीवर मामा नव्हते, नवा माणूस सकाळी ताजा आणि उत्साही होता, तापमापकही नवा मागवला होता, तरी घसरण हुबेहूब तशीच. ग्रॅम न ग्रॅम तशीच. बुधवारी दुपारी मी आकडे वहीत मांडले आणि आधीच्या दोन आठवड्यांशी ताडून पाहिले. आतापर्यंत जे कुतूहल होतं त्याची भीती झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि दोर माझ्या आलेखाचा होता.

तीन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. वायू, दमटपणा, विटा, सगळं पुन्हा तपासलं. शनिवारी दुपारी खोलीत एकटी बसले होते. टेबलावर तीन आठवड्यांचे तुकडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर खडूने वार लिहिलेला. शेजारी तो कप, नुकताच थंड झालेला. धातू किती आकसतो ते हाताला कसं जाणवतं, हे मी कधी करून बघितलंच नव्हतं. आकडे होते, पण तुकडा कपात टाकून हलवून पाहावं, तो आत कसा खुळखुळतो ते ऐकावं, एवढंच मनात आलं. सोमवारचा तुकडा उचलला आणि कपात टाकला.

तो आत गेला नाही.

अर्ध्यावर अडकला. मी दाबला, फिरवला, उलटा करून ठोकला. ज्या कपात तो रस म्हणून काठोकाठ मावला होता, आणि नंतर आकसला होता, त्याच कपात तो आता बसत नव्हता. शनिवारचा तुकडा टाकला, तो मात्र सुखाने तळाला जाऊन खुळखुळला. मी कप खिडकीपाशी नेऊन आत बोट फिरवलं. आतून पांढरा, खडबडीत, एकावर एक थर चढलेला. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला.

ॲल्युमिनियमचा रस लोखंडाला चावतो. लोखंडाचा कण रसात उतरला तर ओतलेला भाग ठिसूळ होतो. म्हणून भट्टीवर रोज सकाळी पहिलं काम म्हणजे पळ्या, चिमटे, सळया, रसाला शिवणारं सगळं पोलाद, पांढऱ्या लेपात बुडवायचं आणि भट्टीच्या कडेला वाळत ठेवायचं. सोमवारी जुना लेप खरवडून काढायचा, बाकी दिवस वरच्यावर नवा हात द्यायचा. हा रिवाज मामांनी घालून दिला होता आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला प्रत्येकजण तो पाळायचा. माझा कप रोज संध्याकाळी पळ्यांच्याच दांडीवर लटकायचा. मग सकाळी त्यालाही लेप लागणारच. सोमवारी खरवडलेला कप शनिवारपर्यंत आतून रोज थोडा लहान होत गेला. आणि मी मात्र पाणी भरून एकदाच काढलेलं त्याचं माप सगळीकडे लावत बसले. रस हलका होत नव्हता. कप बारीक होत होता.

मला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही. हसू अशासाठी, की कोडं सुटल्याचा आनंद कुठेतरी होताच. तो लबाड आनंद अशा वेळीही गप्प बसत नाही. मग मी कप घासून स्वच्छ केला, पुन्हा पाणी भरून मापला, आकडा पहिल्यासारखाच. साहेबांकडे गेले आणि सांगितलं की माझा अहवाल चुकला आहे. ते म्हणाले, पुन्हा करून दाखवा, मग बोलू. दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखी मी पुढचा पूर्ण आठवडा रोज दोनदा मोजणी केली, दर वेळी लेप एकसारखा पातळ देऊन आणि दर वेळी पाण्याने कप मापून. सोमवार ते शनिवार, आकडा रेसभर हलला नाही. शंभराचे नव्वद, रोज.

आता खरा आकडा हातात होता, तेव्हा रायझरमध्ये किती रस हवा याचा हिशेब पानभरात झाला. पंपाच्या साच्याचा रायझर त्या हिशेबाने बराच लहान निघाला. चार महिन्यांपूर्वी तो बारीक करून घेतला होता, परत वितळवायला कमी धातू यावा म्हणून. करून घेणारे साहेबच. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग साचा खात्याला फोन लावला आणि रायझर मोठा करायला सांगितला. जाता जाता म्हणाले की भट्टीवरच्या बदलाचं महिनाअखेरीला बघू. मी म्हटलं, महिनाअखेर नाही, आज. नाहीतर माझा पहिला अहवाल चुकीचा होता असं लेखी देते आणि गिऱ्हाइकालाही तेच कळवते. माझा आवाज चढला होता. साहेब म्हणाले, जा, सांगा त्यांना.

मामा शेडमध्ये चहा पीत होते. त्यांना फेटलिंगला का पाठवलं हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं; वय झालं म्हणून असेल, असं ते स्वतःच धरून चालले होते. मी पाटाशेजारी खाली बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कप, लेप, आलेख, ती एक ओळ. बर्नर कमी करत असाल असं मला वाटलं होतं, तेही सांगितलं. ते कानशीवरचा चुरा बोटाने झाडत ऐकत होते.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग खरं कितीनं आकसतंय ते?"

मी म्हटलं, "दहावा भाग, मामा."

"एवढंच? मला वाटायचं, पाचवा तरी आसंल." ते खरोखर आश्चर्यात पडले होते. थोडा वेळ स्वतःशीच काहीतरी मोजत राहिले. इतकी वर्षं रस ओतून त्यांना हा आकडा कधी कुणी दिला नव्हता, आणि आता मिळाल्यावर तो त्यांना आवडला होता. मला वाटलं, सुटले. माफी मागण्याइतका धीर आला, आणि मी मागितली.

ते उठले, कपडे झटकले, कानस जागेवर ठेवली. भट्टीकडे निघताना, तक्रारीचा सूर अजिबात नसलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मी इचारलं व्हतं तुम्हाला. पयल्याच दिवशी. म्हटलं, हा मापाचा कप हाय, याला लेप देऊ का नको."

"मग? मी काय म्हणाले?"

"तुम्ही लिवत व्हत्या. वर बघितलं नाय. द्या म्हणाल्या."

मला हे आठवत नाही. आजही आठवत नाही. त्या संध्याकाळी मी वही काढून पहिल्या सोमवारचं पान वाचलं. रसाचं तापमान, कपाचं तापमान, वजन दोन दशांश स्थळांपर्यंत, ओतल्याची वेळ मिनिटासकट, आभाळ ढगाळ आहे हेसुद्धा मी लिहिलं होतं. मामांनी काही विचारल्याची त्या पानावर कुठेही नोंद नव्हती.